एकाच वेळी अनेक विणकामं सुईवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भावजयीसाठी बाळंतविडा, स्वतःसाठी कार्डिगन, सासऱ्यांचा मफलर आणि गेल्या हिवाळ्यात पाठ विणून बाजूला पडलेला एक स्वेटर. विणणाऱ्या बहुतेक घरांत साधारण हेच चित्र असतं. इथली उत्तरं दोन सुयांवरच्या विणकामासाठी आहेत. क्रोशाला यातलं बरंच लागू पडतं, पण टाक्यांचे हिशोब तिथे वेगळे असतात.

एका वेळी किती कामं सुईवर असावीत?

कामं मोजू नका, टाके मोजा. चार टोपड्यांना जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त एकटा मफलर खातो.

डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घेतली, तर सुलट-उलट विणीत (एक ओळ सुलट, एक उलट) १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसतात. घरकाम सांभाळून विणणाऱ्या सरावाच्या हाताचा वेग मिनिटाला २५ टाके धरू, म्हणजे तासाला १,५००. आता हिशोब बघा.

सहा महिन्यांच्या बाळाचं टोपडं: सुमारे ३,८०० टाके, अडीच तास.
त्याच बाळाचा स्वेटर, बाह्यांसकट: सुमारे १२,४०० टाके, सव्वाआठ तास.
साधा सुलट विणीचा मफलर, २० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब: ४४ टाके गुणिले ६०० ओळी, म्हणजे २६,४०० टाके. साडेसतरा तास.
छाती १०० सेंटिमीटरचा मोठ्या माणसाचा स्वेटर: ५०,००० च्या आसपास, तेहतीस-चौतीस तास. शिवण वेगळी.

मफलरच्या ओळी इतक्या का? दोन्ही बाजूंनी सुलट विणलं की वीण उभ्यात आखडते आणि एका सेंटिमीटरमध्ये जवळपास चार ओळी मावतात. म्हणून ‘मफलर काय, पटकन होतो’ हे वाक्य विणकामात सगळ्यात जास्त फसवतं. मफलर सोपा आहे, पटकन होणारा नाही.

तुमचा स्वतःचा वेग काढायचा असेल तर घड्याळ लावून दहा मिनिटं नेहमीसारखं विणा, मध्ये गप्पा मारतच, आणि टाके मोजा. स्पर्धेला बसल्यासारखं विणून काढलेला आकडा पुढे सगळं वेळापत्रक बिघडवतो.

मग कामं निवडायची कशी?

डोक्याला किती ताण, यावरून. जाळीची किंवा वेणीची वीण असलेलं एकच काम हाती असावं; ते शांत वेळी, कृतीचा कागद समोर ठेवून. दुसरं न बघता विणता येईल असं: स्वेटरची पाठ, शाल, मफलर. टीव्ही बघताना किंवा फोनवर बोलताना हेच. तिसरं पर्समध्ये मावणारं: टोपडं, पायमोजे, हातमोजे. लोकलमध्ये किंवा दवाखान्याच्या रांगेत लांब सरळ सुया शेजाऱ्याच्या कोपराला लागतात, त्यामुळे या कामाला आखूड किंवा गोल सुई बरी.

तारीख ठरलेली भेटवस्तू या तिन्हींपैकी एका जागेवर बसवा. तिच्यासाठी चौथी जागा काढली की बाकीची तिन्ही रखडतात. आणि वेणीची वीण असलेली दोन कामं एकदम घेऊ नका. आठव्या ओळीला वेणी फिरवायची की दहाव्या, हा गोंधळ दोन्ही कागदांत सारखाच होतो आणि चूक वीस ओळींनंतर दिसते.

भेटवस्तू तारखेला पूर्ण होईल का, हे आधी कसं कळेल?

तारखेपासून मागे मोजत या. उदाहरणार्थ वरचा मफलर: साडेसतरा तास, रोज पाऊण तास मिळतो, म्हणजे साधारण चोवीस दिवस. त्यावर चौथा हिस्सा वाढवा, कारण पाहुणे येतात, चूक होऊन उसवावं लागतं आणि दिवाळीच्या आठवड्यात कोणीही विणत नाही. झाले तीस दिवस. स्वेटर असेल तर यापुढे शिवण, पट्टी, काजं, बटणं आणि धागे लपवायला चार-पाच तास वेगळे धरा. शेवटी धुऊन वाळवण्याचे दोन दिवस, पावसाळ्यात चार.

हिशोब बसत नसेल तर वस्तू बदला, रात्री जागू नका. स्वेटरच्या जागी बिनबाह्यांचं जॅकेट केलं की टाक्यांचा तिसरा हिस्सा तिथेच वाचतो. मफलरच्या जागी मानेभोवतीचा गोल पट्टा केला तर ६० सेंटिमीटरमध्ये काम भागतं.

बाळंतविड्याचं माप कोणतं धरावं? बाळ तर अजून जन्मायचं आहे.

जन्माचा महिना विचारा आणि पुढच्या थंडीत बाळ किती महिन्यांचं असेल ते मोजा. इथे बहुतेकांचं चुकतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला जन्मलेल्या बाळाला नवजात मापाचा लोकरीचा स्वेटर म्हणजे शुद्ध छळ. थंडी पडेपर्यंत ते सहा-सात महिन्यांचं होतं आणि स्वेटर एकदाही अंगावर न चढता लहान होतो. त्या बाळाला सहा ते बारा महिन्यांचं माप विणा. बारशाला रिकाम्या हाताने जायचं नसेल तर सुती धाग्याचं हलकं दुपटं न्या. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मणाऱ्या बाळाला मात्र नवजात आणि तीन महिन्यांच्या मधलं माप चालतं. मुंबई आणि कोकणात लोकरीची गरजच जेमतेम काही आठवडे असते, तिथे सुती धागाच बरा.

छातीची साधारण मापं: तीन महिन्यांना ४० ते ४१ सेंटिमीटर, सहा महिन्यांना ४३, वर्षाला ४६, दोन वर्षांना ५० ते ५१. स्वेटर यापेक्षा ६ ते ८ सेंटिमीटर सैल हवा, कारण आत झबलं असतं. डोक्याचा घेर जन्मतः सुमारे ३५, सहा महिन्यांना ४३, वर्षाला ४६. टोपडं मात्र घेरापेक्षा ३ ते ४ सेंटिमीटर कमी विणा. वीण ताणली जाते, सैल टोपडं डोळ्यांवर उतरतं.

शंका असली तर मोठं विणा. बाही दुमडता येते, लांबवता येत नाही.

बाळाच्या कपड्यात काय टाळावं?

मोठ्या भोकांची जाळी: त्यात बोटं अडकतात. केसाळ लोकर: तंतू तोंडात जातात. गळ्याभोवती बांधायच्या नाड्या आणि लांब फिती. टोपड्याला हनुवटीखाली बांधायला काही हवंच असेल तर रुंद पट्टी आणि एका बाजूला बटण. बटण दुहेरी धाग्याने, मागे छोटं सपाट बटण ठेवून शिवा, म्हणजे ओढलं तरी वीण फाटत नाही. पायमोज्यांच्या आत लांब मोकळे धागे सोडू नका. ते पायाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात. आणि झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपडं ठेवू नये, हे भेट देताना घरच्यांना जरूर सांगा.

बोरन्हाणासाठी काळं विणायचं आहे. काही विशेष?

आधी सुरुवात करा. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. संध्याकाळी दिव्याखाली एक टाका सुटला तर सकाळी उजेडातच सापडतो. मांडीवर पांढरा टॉवेल पसरा, त्यावर काळे टाके उठून दिसतात. सुई फिक्या रंगाची घ्या. वीण साधी ठेवा, काळ्यावर वेणी किंवा नक्षी कोणालाच दिसत नाही आणि कष्ट तेवढेच पडतात. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, पण बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. तेव्हा कार्यक्रमाची नेमकी तारीख विचारून घ्या, कधीकधी दोन आठवडे जास्त मिळतात.

हलव्याचे दागिने वर घालायचे असतात, म्हणून पुढची बाजू सपाट ठेवा. फुलं, गोंडे, झालर लावू नका.

एकाच नंबरची सुई दोन कामांना हवी असते. काय करायचं?

हातातलं काम सुईवरून काढून ठेवा. गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती धागा जाड सुईत ओवा आणि सगळे टाके एकेक करून त्यावर घ्या. दोन्ही टोकं सैल ठेवून एकमेकांना बांधा. केसाळ धागा घेतला तर त्याचे तंतू विणीत अडकतात. वीस-पंचवीस टाके असतील तर मोठी सेफ्टी पिन पुरते.

काढताना तीन गोष्टी कागदावर लिहून पिशवीत टाका: सुईचा नंबर, शेवटची विणलेली ओळ, आणि पुढची ओळ सुलट बाजूची की उलट. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेलं काम चार महिन्यांनी कोडं होऊन बसतं.

ज्यांच्याकडे टोकं बदलता येणारी गोल सुई आहे त्यांनी टोकं काढून तारेच्या दोन्ही बाजूंना बूच लावावं. टाके तारेवर सुरक्षित राहतात आणि टोकं दुसऱ्या कामाला मोकळी होतात.

सुईचे नंबर गोंधळात टाकतात. परदेशी कृतीत ८ नंबर लिहिलंय, तीच आपली ८ नंबरची का?

नाही. आपल्याकडे जुना ब्रिटिश क्रम चालतो: नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकी क्रमात नंबर वाढला की सुई जाड. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकी ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आपली १० नंबर सव्वातीन मिलिमीटर, अमेरिकी १० नंबर चक्क ६. म्हणून वहीत नेहमी मिलिमीटरच लिहा. सुईवरचा आकडा पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी वापरा. पट्टी नसेल तर ज्या सुईचा नंबर माहीत आहे तिच्याशी लावून बघा, पण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक फरक नजरेला कळत नाही.

प्रत्येक कामाआधी नमुन्याचा छोटा तुकडा विणून बघायलाच हवा का?

अंगावर घालायच्या कपड्याला हवाच. मफलर, दुपटं, शाल यांना नाही. तिथे दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर कोणाचं अडत नाही.

स्वेटरमध्ये फरक किती पडतो बघा. कृतीत १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितलेत आणि तुमची वीण सैल असल्यामुळे २० बसले. २२० टाक्यांचा घेर १०० च्या जागी ११० सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांच्या फरकाने एक अख्खं माप मोठं.

३० टाके घाला, १५ सेंटिमीटर उंच तुकडा विणा, धुऊन वाळवा, आणि कडा सोडून मधले १० सेंटिमीटर मोजा. न धुता मोजलेला नमुना अर्धवटच. खऱ्या लोकरीची वीण पाण्याने पसरते. टाके जास्त भरले तर जाड सुई, कमी भरले तर बारीक. नमुन्याला कामाचं नाव आणि सुईचं माप लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा. पुढे त्याच लोकरीचं दुसरं काम काढलं की तोच कामाला येतो.

लोकर किती घ्यावी?

डबल निटिंग जाडीत साधारण असं धरा: टोपडं २५ ते ३० ग्रॅम, पायमोज्यांची जोडी १५ ते २०, सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर १२० ते १५०, ७५ सेंटिमीटरचं चौकोनी दुपटं २५० ते ३००, मफलर १५० ते २००. मध्यम बांध्याच्या बाईच्या स्वेटरला ॲक्रिलिकमध्ये ४०० ते ४५० आणि शुद्ध लोकरीत ५०० ते ६०० ग्रॅम. ॲक्रिलिक हलकं असल्याने तेवढ्याच वजनात जास्त मीटर मिळतात. वेणीची वीण असेल तर पाचवा हिस्सा वाढवा.

‘फोर प्लाय’ या शब्दावर फार विसंबू नका. कधी तो जाडी सांगतो, कधी नुसते पदर. १०० ग्रॅममध्ये किती मीटर हे बघा: ४०० च्या आसपास असेल तर बारीक, २०० ते ३०० असेल तर डबल निटिंग. लेबलवर मीटर छापलेलेच नसतील, तर दुकानात एक गुंडा घेऊन आधी नमुना विणा आणि मग बाकीचे घ्या. मात्र उरलेले गुंडे बाजूला काढून ठेवायला सांगा.

बाजूला काढून ठेवायला का?

रंगाच्या लॉटसाठी. एकाच रंगाच्या नावाखाली वेगवेगळ्या खेपांत रंगवलेल्या लोकरीत किंचित फरक असतो. गुंडा हातात दिसतो सारखा, विणल्यावर पाठीवर आडवी रेघ उमटते. लेबलवर लॉटचा क्रमांक असतो, तो जुळवा आणि एक गुंडा जास्त घ्या.

लॉट वेगळा मिळालाच तर शेवटच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या असं आलटून पालटून विणा. किंवा नवी लोकर फक्त पट्टी, गळा आणि खिशाला वापरा. तिथे वीणच बदललेली असते, त्यामुळे डोळा फरक पकडत नाही.

उरलेली लोकर पुरेल का, हे कसं ओळखावं?

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. गुंडा वजन करा, दहा ओळी विणा, पुन्हा वजन करा. समजा ८ ग्रॅम गेले आणि ३० ग्रॅम शिल्लक आहेत. टाके बंद करायला ३ ग्रॅम बाजूला ठेवा. राहिले २७. दर ओळीला ०.८ ग्रॅम, म्हणजे आणखी ३३ ओळी. एका ओळीवर काटा लावू नका, घरगुती काट्याला इतकं बारीक वजन कळत नाही.

काटा नसेल तर ढोबळ नियम असा: एका साध्या ओळीला विणीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो, टाके बंद करायला चौपट धरा.

एक बाही झाली की दुसरी होतच नाही!

दोन्ही एकदम विणा. ८० सेंटिमीटरच्या गोल सुईवर पहिल्या बाहीचे टाके एका गुंड्याने घाला, लगेच पुढे दुसरीचे दुसऱ्या गुंड्याने. सुई सरळ सुयांसारखीच मागेपुढे चालवायची, गोल जोडायचं नाही. प्रत्येक ओळ म्हणजे पहिली बाही, धागा सोडा, दुसऱ्या गुंड्याचा धागा उचला, दुसरी बाही. टाके वाढवणं दोन्हीकडे त्याच ओळीत होतं, त्यामुळे एक बाही दोन सेंटिमीटर लांब असं घडत नाही.

उठायचं ते दुसरी बाही संपल्यावरच. मधे थांबलात तर पुन्हा बसताना सुई कोणत्या बाजूने धरायची हे चुकतं आणि एका बाहीला दोन ओळी जास्त होतात. दोन्ही गुंडे वेगवेगळ्या वाट्यांत किंवा पातेल्यांत ठेवा. ओळ संपून वळताना एकदा डावीकडून आणि पुढच्या वेळी उजवीकडून वळलात तर धाग्यांना पीळ पडत नाही. कार्डिगनच्या पुढच्या दोन भागांनाही हीच युक्ती चालते, फक्त मुंढा (बाही जोडायची जागा) आणि गळा आरशातल्यासारखे उलटे पडतात. तिथे कागदावर ‘डावा’, ‘उजवा’ असं ठळक लिहा.

महिनोन्‌महिने पडलेलं काम परत हातात घेताना काय बघावं?

आधी सुई तीच आहे का. मधल्या काळात कोणीतरी ती दुसऱ्या कामाला नेऊन जवळपासची सुई अडकवून ठेवलेली असते, आणि सहा ओळींनंतर वीण एकदम आवळल्यासारखी दिसते.

मग टाके मोजा. कमी भरले तर सुटलेला टाका खाली शोधा; तो शिडीसारखा उसवत गेलेला दिसेल. सुलट बाजूकडून क्रोशाची सुई त्या टाक्यात घाला, वरची आडवी दोरी तिच्यातून ओढून घ्या, असं एकेक पायरी वर चढा.

सुईवर बराच काळ पडलेली शेवटची ओळ ताणली जाते, तिथे रेघ दिसते. दोन ओळी उसवून पुन्हा विणल्या की रेघ जाते. हाताचा ताणही बदललेला असतो, म्हणून लगेच पुढे जाऊ नका: त्याच लोकरीचा छोटा तुकडा विणून हात बसवा आणि १० सेंटिमीटरमधले टाके मोजून बघा. वीण घट्ट होत असेल तर अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या.

ओळीच्या मध्येच ठेवलं तर चालतं का?

पाच मिनिटांसाठी चालतं. रात्रभर नाही. सुयांच्या मधल्या जागी टाके ताणले जातात आणि तिथे उभी चीर राहते. शिवाय सरळ सुईचं टोक उघडं असलं की चार टाके घसरलेच म्हणून समजा. मांजर असलेल्या घरात तर विचारूच नका.

अवघड विणीत चूक झाली तर किती उसवावं लागतं? आधीपासून काही सोय करता येते का?

करता येते, आणि अनेक कामं हातात असणाऱ्यांनी ती करावीच. जाळीच्या नक्षीची एक आवृत्ती बरोबर पूर्ण झाली की बारीक सुईत वेगळ्या रंगाचा शिवणाचा धागा ओवून त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून ओढून ठेवा. टाके सुईवरच राहतात, धागा त्यांच्यातून नुसता आरपार जातो. ओळीवर खुणेच्या कड्या असतील तर धागा त्यांतून नेऊ नका, नाहीतर कड्या तिथेच अडकतात. पुढे गडबड झाली तर सुई काढून बिनधास्त उसवा. वीण त्या धाग्याशी येऊन थांबते. मग तिथले टाके सुईवर परत घ्या आणि मोजा.

एखादं काम सोडून द्यायचं, हे कधी ठरवावं?

दोन हिवाळे ते हातात घेतलं नसेल, तर कारण शोधा. माप चुकलं असेल किंवा ज्याच्यासाठी होतं ते मूल आता शाळेत जात असेल, तर उसवा. नुसता कंटाळा असेल तर बाकी टाके मोजून बघा, कधीकधी चार तासांचंच काम उरलेलं असतं.

उसवलेली लोकर तशीच विणू नका, वाकडी लोकर वाकडेच टाके देते. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून वीस मिनिटं बुडवा, न पिळता दाबून पाणी काढा आणि सावलीत लटकवा. खाली जड वजन बांधू नका, धाग्याचा लवचिकपणा जातो. शुद्ध लोकर जवळपास सरळ होते. ॲक्रिलिक थोडं वाकडंच राहतं, ते मफलर किंवा दुपट्याला वापरा.

पावसाळ्यात अर्धवट कामं कशी ठेवावीत?

प्रत्येक काम वेगळ्या सुती पिशवीत: लोकर, सुई, कागद, लेबल, बटणं सगळं एकत्र. हवाबंद प्लास्टिकमध्ये दमट लोकर कोंडली की वास येतो, म्हणून प्लास्टिक वापरायचंच असेल तर आधी कोरड्या दिवशी लोकर पंख्याखाली मोकळी करा. पोलादी सुया विणीत ठेवू नका. गंजाचा डाग फिक्या लोकरीतून जात नाही. कसर खऱ्या लोकरीला लागते, ॲक्रिलिकला सहसा नाही. महिन्यातून एकदा पिशव्या उघडून झटकणं कडुलिंबाच्या पाल्यापेक्षा जास्त उपयोगी. पाला घालायचा असेल तर पूर्ण वाळलेला, पुडीत बांधून.

परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचं आहे. लोकर कोणती?

तिथे कपडे बहुधा मशिनमध्ये धुतले आणि वाळवले जातात. साधी शुद्ध लोकर गरम पाणी आणि घुसळण यांनी आटते, मोठ्याचा स्वेटर बाहुलीचा होतो. मशिनमध्ये धुता येईल असं लेबलवर लिहिलेली लोकर किंवा ॲक्रिलिक घ्या. ॲक्रिलिकला इस्त्री किंवा वाफ मात्र कधीही देऊ नका: वीण लिबलिबीत होते आणि पुन्हा उभी राहत नाही.

मेलबर्न-सिडनीला पाठवत असाल तर त्यांचा हिवाळा जून ते ऑगस्ट. दिवाळीच्या फराळाबरोबर गेलेला स्वेटर तिथे थेट उन्हाळ्यात पोहोचतो. त्यांचं काम जानेवारीत सुरू करा, म्हणजे बाळंतविड्यांचा आणि संक्रांतीचा हंगामही मोकळा राहतो.

माप न विचारता स्वेटर द्यायचा आहे.

त्या व्यक्तीच्या अंगाला नीट बसणारा एखादा स्वेटर किंवा जाड टी-शर्ट घरच्यांकडून मिळवा. सपाट पसरून काखेखालची रुंदी, खांद्यापासून लांबी आणि काखेपासून मनगटापर्यंत बाही मोजा. रुंदीची दुप्पट म्हणजे विणायचा घेर. टी-शर्टवरून मोजलं असेल तर ४-५ सेंटिमीटर वाढवा. हे जमत नसेल तर स्वेटरच्या भानगडीत पडू नका, शाल द्या.

मनगट दुखतं, तरी दोन भेटवस्तू राहिल्यात.

जाड सुईचं आणि बारीक सुईचं काम आलटून पालटून करा, दर अर्ध्या तासाने उठा. दुपट्यासारखं जड काम गोल सुईवर घ्या, म्हणजे वजन मांडीवर राहतं. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल, तर भेटवस्तू राहू द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

‘माझ्यासाठीपण एक विणून दे ना’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

तास सांगा. ‘मफलरला साडेसतरा तास लागतात, रांगेत तीन जण आहेत, मार्चमध्ये विचार’ असं म्हटलं की निम्मे लोक आपणहून थांबतात. पैसे घेऊन विणत असाल तर लोकर गिऱ्हाइकालाच आणायला लावा आणि दर टाक्यांच्या हिशोबाने ठरवा, नगावर नाही. लोकरीच्या वजनावर मजुरी धरली तर बारीक सुईच्या कामात तुम्हीच मार खाता: बारीक लोकरीत तेवढ्याच ग्रॅममध्ये जवळपास दुप्पट टाके असतात.

भेट देताना सोबत काय द्यावं?

आधी वस्तू साध्या शाम्पूने धुऊन, टॉवेलमध्ये दाबून, सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकलेला ओला स्वेटर खाली लोंबतो. मग एका जाड कागदावर तीन-चार मीटर तीच लोकर गुंडाळा, एक जादा बटण टाका आणि त्यावर लिहा: लोकर कोणती, पाणी थंड की कोमट, इस्त्री चालते का. खिळ्याला अडकून धागा ओढला गेला तर कात्री लावू नये, क्रोशाच्या सुईने तो उलट बाजूला ओढून घ्यावा, ही ओळही त्याच कागदावर टाका.